केडगावचा भरवसा

१९७३ च्या उन्हाळ्यात मी दौंड तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर हजेरीपट लिहीत होतो. वय पंचवीस, नोकरी हंगामी, आणि अंगात त्या वयाला शोभणारा राग. पावसाने आदल्या वर्षी पार पाठ फिरवली होती. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हे मी पुढे वाचले. तेव्हा मला दिसत होती ती आमच्या बांधावरची माणसे, त्यांच्या डोक्यावरच्या पाट्या आणि खडीच्या ढिगाआड सावलीला निजवलेली पोरे. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी लालसर, आणि थंड झाली की चामड्यासारखी. त्या भाकरीला नावे ठेवली नाहीत असा माणूस मी त्या वर्षी एकच पाहिला. ती माझी आजी.

आजी तेव्हा ऐंशीच्या आसपास असावी. ‘असावी’ म्हणतो, कारण तिची जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती, आणि सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते. संवत १९५६ च्या गुजरातेतील दुष्काळात, म्हणजे इ. स. १९०० मध्ये, ती सात-आठ वर्षांची असताना पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तिला केडगावला आणले. गुजरातेत त्या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणतात. तेवढा एक शब्द सोडला तर आजीची गुजराती सगळी पुसली गेली होती.

भाकरीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वी ती डोळे मिटून क्षणभर थांबे. एका संध्याकाळी मी चिडलो. दुपारी कामावर एक बाई पाटीसकट कोसळली होती आणि ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. मी म्हणालो, “आजी, कशाचे आभार मानतेस? तुला देवाने गाडीत घालून आणले म्हणतेस, मग तुझ्या भावाला मागे का ठेवले?” तिला एक भाऊ होता एवढेच घरात सर्वांना माहीत होते. त्याविषयी कोणी विचारत नसे.

आजीने भाकरी खाल्ली, ताट धुतले आणि ती निजली. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही.

पुढे शिक्षकी केली, इतिहास शिकवला, आणि त्या प्रश्नाने मला केडगावच्या इतिहासाकडे नेले. रमाबाईंवर मराठीत कमी लिहिलेले नाही. देवदत्त नारायण टिळकांचे चरित्र १९६० सालचे. त्यांची पत्रे १९७७ साली ए. बी. शहांनी छापली. परंतु आपल्याकडे रमाबाईंची चर्चा बहुधा धर्मांतरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणी त्यांना देवी करतो, कोणी द्रोही. देवावर भार टाकून रोजचा संसार चालवणे म्हणजे नेमके काय, सकाळी उठल्यावर त्या भरवशाचे करायचे काय, या साध्या गोष्टीकडे मात्र कोणी पाहत नाही. मला तेच पाहायचे होते.

पाहायला लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की देवाच्या भरवशावर राहण्याचा प्रयोग रमाबाईंच्या घरात ख्रिस्ती धर्माच्या फार आधीचा आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतलेला हा मनुष्य पश्चिम घाटातील गंगामुळाच्या रानात आश्रम करून राहिला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवांचे द्रव्य सरले. मग कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे, मिळेल ते घ्यावे, आलेल्यातून दानधर्म करावा, व्रते करावीत, आणि देव उणे पडू देणार नाही असे मानावे. आईने मुलीला तोंडपाठ करून घेतलेले भागवताचे हजारो श्लोक ही त्या घराची खरी संपत्ती.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. रमाबाईंनी पुढे तो स्वतः लिहून ठेवला आहे, आणि ते पान वाचताना मला आजीचे ताट आठवते. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. उरलेले द्रव्य देवाच्या प्रसन्नतेसाठी दानात गेले. अखेर हे कुटुंब रानात मरायला म्हणून गेले आणि झाडपाल्यावर दिवस काढू लागले. वडिलांनी पवित्र तळ्यात देह टाकण्याचे ठरवले, तेव्हा मुलगा म्हणाला, मी हमाली करीन. ब्राह्मणाच्या, त्यातही शास्त्र्याच्या मुलाने हमाली करायची! ही गोष्ट मरण दारात उभे राहीपर्यंत त्या घरात कोणाला सुचली नव्हती. त्याला उशीर झाला होता. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तेव्हा भावाबरोबर चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली.

या प्रसंगावरून ‘म्हणून त्यांनी हिंदू धर्म सोडला’ असे सरळ समीकरण मांडणारे लोक आहेत. ते मला पटत नाही. बहीणभाऊ त्यानंतरही वर्षानुवर्षे हिंदुस्थानभर पायी फिरले. पंजाबातल्या थंडीत नदीकाठी वाळूत खड्डे खणून त्यांत निजले. १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या त्या संस्कृत विद्येबद्दल. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच साली बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मांडीवर दहा महिन्यांची मनोरमा. वयाच्या चोविसाव्या वर्षी या बाईचे आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे संपले होते. देवाने गेलेले परत भरून द्यावे, अशी आशा धरायला कोणाला अधिकार असेल तर तो हिला.

पुण्यास त्या आल्या, आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला विलायतेस गेल्या. आणि तिथे कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत होते. डॉक्टरकी अशक्य झाली. भाविक मनुष्य अशा वेळी ‘देवाने दार बंद केले’ असे चटकन म्हणतो आणि गप्प बसतो. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकण्याशिकवण्याचा रस्ता धरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता, आणि खरी गंमत पुढेच आहे.

वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंची आणि नातीची जी पत्रे आहेत, त्यांत प्रेमही आहे आणि कडाक्याचे भांडणही. रमाबाई अंडे घातलेला गोड पदार्थ खात नाहीत, हा अहंकार. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, हाही अहंकार. कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेण्यात आला, आणि तो नकाराचा आला. देवाची इच्छा काय हे वडील मंडळींनी सांगावे आणि नव्या ख्रिस्ती बाईने ऐकावे, अशी ती रीत. रमाबाईंनी कळवले ते थोडक्यात असे, की आपल्या देशातील भिक्षुकशाहीचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. तसलेच दुसरे आता चढवून घेणार नाही. देवाचे मार्गदर्शन हवे, परंतु ते आपल्या बुद्धीला आणि विवेकाला पटून हवे. ज्योतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. त्यांना या बाईत आपल्या जातीचा बंडखोर दिसला असावा.

अमेरिकेतून पैसा उभा करून रमाबाई परतल्या. बोस्टनच्या मंडळींनी १८८७ मध्ये स्थापलेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या आणि तो समारंभ पाहायला रमाबाई गेल्या होत्या. ११ मार्च १८९३ ला सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. अशा योगायोगांत ज्याला ईश्वरी संकेत शोधायचा त्याने शोधावा. मी शिक्षक असल्यामुळे मला मुलांना सन पाठ करून द्यायला त्याचा उपयोग झाला.

१८९३ चे वादळ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही खरे होते असे माझे मत आहे. धर्माच्या बाबतीत तटस्थ म्हणून काढलेल्या संस्थेत संस्थापिकेच्या धर्माचा वास कितपत यावा, हा प्रश्न खोटा नव्हता. आणि आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईला दार लावून घ्यायला सांगणे, हेही न्यायाचे नव्हते.

आता केडगावकडे वळतो. १८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा मेळा भरला होता. रमाबाई आपल्या १५ ख्रिस्ती मुलींना घेऊन तिथे गेल्या. देवाने आणखी मुली द्याव्यात अशी प्रार्थना करताना त्यांच्या मनात आले, की या संख्येचा वर्ग मागावा. १५ चा वर्ग २२५. मला या मागणीचे प्रथम हसू आले होते. देवाशी बोलताना पाढा कसला म्हणायचा? पण गोष्टीचा पुढचा भाग हसण्यासारखा नाही. त्या वेळी सदनात जागा होती ती पन्नास-साठ जणींची. आणि वर्ष सरायच्या आत मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या.

विलक्षण गोष्ट अशी, की रमाबाईंना जायचे नव्हते. वीस वर्षांपूर्वीचा तो झाडपाला, ती तिरडी त्यांच्या मनातून गेली नव्हती. खर्चाचीही सोय नव्हती; असोसिएशनची दहा वर्षे संपत आली होती. तरी १८९७ च्या आरंभी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या, अन्नछत्रे, रस्त्याच्या कडेला पडलेली माणसे त्यांनी पाहिली. एकट्या मुलींना हेरून नेणारे दलालही पाहिले. जवळजवळ ३०० बायका आणि मुली त्यांनी आणल्या. २२५ चा आकडा मागे पडला. देव देतो तेव्हा असे देतो: खाणारी तोंडे आधी येतात, धान्य मागून.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या दुष्काळी मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला रमाबाईंनी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेचा पैसा बंद झाल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा त्यामागचा हिशेब. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ या नावाची वस्ती अशी सुरू झाली. भाविक ग्रंथांत याला ‘देवाची आगाऊ तरतूद’ म्हटलेले आढळते. असेल. मला मात्र त्यात पोटाला चिमटा बसलेल्या घरातली मुलगी दिसते. दानाच्या पुण्यावर विसंबून राहिलेले घर कसे संपले हे तिने पाहिले होते. म्हणून तिने जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि मग देवावर भार टाकला. भाऊ जी हमाली करायला उशिरा निघाला, ती हमाली इथे पहिल्या दिवसापासून होती.

याच साली आणखी एक गोष्ट घडली, ती त्यांच्या भोळ्या चरित्रांत सहसा येत नाही. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील बायकांच्या स्थितीवर आणि त्यांच्या अब्रूला असलेल्या धोक्यावर उघड लिहिले. त्यांच्या आश्रयाखालची एक मुलगी त्या व्यवस्थेत सापडली होती. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नरने इन्कार केला. इंग्रजांच्या धर्मात गेलेली बाई इंग्रज सरकारला धारेवर धरते, हे पाहून ‘केसरी’च्या वाचकांना काय वाटले असेल कोण जाणे! देवावर हवाला ठेवणारा मनुष्य अन्यायापुढे मुका होतो, हा समज असणाऱ्यांनी ते पत्र वाचावे.

१८९८ मध्ये जुन्या असोसिएशनची मुदत संपली आणि त्या जागी नवी संघटना आली. पण केडगावचा पसारा आता कोणत्याही वचनात मावण्यासारखा राहिला नव्हता. १९०० मध्ये गुजरात-काठेवाडकडून मुलींचे तांडेच्या तांडे आले, आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुक्तीला कोणत्याही पंथाचे किंवा मिशनचे ठरीव अनुदान नव्हते. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे आत्मवृत्त वाचले होते. त्या गृहस्थाने दोन हजारांवर अनाथ मुले सांभाळली, आणि मनुष्यापाशी एक पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर सांभाळली, अशी त्यांची कीर्ती. केडगावची तऱ्हा त्याच वळणाची होती. तथापि एक बारीकसा फरक आहे. रमाबाई प्रार्थना करीत आणि अहवालही छापीत. किती आल्या, किती शिकतात, काय उणे आहे, हे त्या जगाला कळवीत. १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी देवाला अक्षय ठेवा म्हटले; पण त्या ठेव्यातून आलेल्या पैशाचा जमाखर्च कोणापासून झाकला नाही.

आजीच्या तोंडून मी ऐकले ते याच दिवसांविषयी. तिच्या आठवणीत प्रार्थना कमी आणि कामे फार. दळण, विणकाम, तेलघाणी, धुणे, गोठा, शेत. ती थोडी मोठी झाल्यावर धान्याच्या कोठीवर मापाला बसे. पायली, अधोली, मापटे, चिपटे ही मापे तिच्या हाताला अशी बसली होती, की आमच्या घरात किलो आल्यावरही ती तांदूळ चिपट्यानेच घेई. कधी कोठी तळाला लागे. मग काय करायचे, असे मी विचारी. ती म्हणे, “बाई सांगायच्या, माप पातळ करायचं नाही. आहे ते नीट मोजायचं, आणि नाही ते देवाला सांगायचं.” पैसे येत, कधी वेळेवर, कधी घशाशी आल्यावर. ते कसे आले हे तिने कधी चमत्कार म्हणून रंगवून सांगितले नाही. “टपाल आलं,” एवढेच म्हणे.

आणलेल्या सगळ्या जगल्या, असेही तिने कधी सांगितले नाही. दुष्काळाने पोखरलेली शरीरे अन्न मिळूनही वाचतातच असे नाही. तिच्या शेजारी निजणारी मुलगी एका सकाळी उठली नाही. आजीने तिचे नाव आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या आत्याला, ठेवले.

१८९९ मध्ये ‘कृपासदन’ निघाले, वाट चुकलेल्या किंवा चुकवलेल्या बायकांसाठी. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचायला शिकवू लागल्या. १९०५ च्या जून महिन्यात प्रार्थनेचे ते प्रसिद्ध भरते आले. मुली रडल्या, ओरडल्या, रात्र-रात्र जागल्या, आणि जगभरच्या ख्रिस्ती मासिकांत केडगावचे नाव झाले. त्याविषयी आजीला विचारले तर ती गप्प राही. एकदा म्हणाली, “दळण मात्र चुकलं नाही हं त्या दिवसांत.” या विषयावर तिच्याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

त्याच सुमारास रमाबाईंनी सर्वांत मोठे काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर, आणि तेही खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी अधू अशा बाई या दोन भाषा शिकायला बसल्या. ज्या विद्येवर ‘सरस्वती’ पदवी मिळाली तीच संस्कृत त्यांनी या कामात दूर ठेवली, हा मोठा चमत्कारिक विरोधाभास आहे. जुन्या धर्मकल्पना ज्यांना चिकटलेल्या असे जड शब्द त्यांना नको होते. ते भाषांतर मराठी मंडळ्यांत रूढ झाले नाही. काही ठिकाणी शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहाने वाक्य अडखळते. पण त्याचे खिळे जुळवणारे हात केडगावच्याच बायकांचे होते. दुष्काळात उचलून आणलेल्या, ग ची ओळख नसलेल्या मुलींनी ते सबंध शास्त्र अक्षर-अक्षर जुळवले. लग्नापूर्वी दोन वर्षे आजी त्या छापखान्यात होती. शिशाने काळी झालेली बोटे दाखवावीत तशी ती म्हातारपणी आपली स्वच्छ बोटे दाखवी.

मनोरमाबाई आईचा उजवा हात. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास त्यांनी शाळा काढली. केडगावचा भार पुढे त्याच घेणार हे ठरल्यासारखे होते. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. वय चाळीस. मेधावींच्या मागे रमाबाईंना उरलेले एकमेव रक्ताचे माणूस गेले. देव हरपलेले परत देतो, हा ख्रिस्ती माणसाच्या भरवशाचा एक आधार आहे. ईयोबाला दुप्पट मिळाले असे आपण मंदिरात ऐकतो. रमाबाईंना काय परत मिळाले? वडिलांच्या जागी कोणी आले नाही, मुलीच्या जागीही नाही. पण त्यांच्या हाताखाली वाढलेल्या शेकडो मुली नांदत होत्या, शिकवीत होत्या, त्यांची लेकरे शाळेत जात होती. याला भरपाई म्हणावे की नाही, याचा निवाडा मी आजवर करू शकलो नाही. मुलीच्या दुःखाला दुसऱ्याच्या मुली उतारा होतात, असे मुले असलेला कोणीही मनुष्य म्हणणार नाही. बाईंनीही तसे म्हटल्याचे मला आढळले नाही. त्या मुद्रिते तपासायला बसल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. भाषांतर पुरे करण्यासाठी त्यांनी देवापाशी आणखी दहा दिवस मागून घेतले, अखेरचे मुद्रित तपासले आणि मग डोळे मिटले, असे सांगतात. ही गोष्ट मी इतिहास म्हणून मांडत नाही. मांडायचे ते एवढेच, की काम पुरे झाले होते आणि ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला.

आता आजीकडे परत येतो. माझ्या त्या प्रश्नानंतर आठ-दहा दिवसांनी, एका पहाटे, मी कामावर निघालो असता ती दारात उभी राहिली.

“तो भाकरी शोधायला गेला होता,” ती म्हणाली.

मला क्षणभर कळेना.

“माझा भाऊ. बाईंच्या माणसांनी मला घेतलं तेव्हा तो तिथं नव्हता. मी सांगितलं, थांबा, तो येईल. त्यांनी वाट पाहिली. मग गाडीची वेळ झाली.” थोडे थांबून म्हणाली, “का ठेवलं, ते मला नाही कळत, बाबा. मी रोज विचारते. जेवायच्या आधी डोळे मिटते ना, तेव्हा. तुला वाटलं मी आभार मानते. आभारही मानते. पण आधी त्याचं विचारते.”

त्र्याहत्तर वर्षे! दिवसातून दोनदा. मी तिथेच उभा राहिलो. काही बोलावे असे शब्द मजपाशी नव्हते, आणि तिला ते नकोही होते. तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, “मला तुझ्या कामावर ने.”

मी तिला नको म्हणून पाहिले. ऊन होते, चार मैलांची वाट होती. अखेर एका ओळखीच्या बैलगाडीत बसवून नेले. दुपारी सुकडी वाटण्याची वेळ आली. सुकडी मिळे ती हजेरीपटावर नाव असलेल्यांना. मजुरांच्या मागोमाग आलेल्या पोरांना मिळावी की नाही हे ज्याच्या-त्याच्या साहेबावर असे, आणि आमचे साहेब नियमाला धरून चालणारे. पोरे आयांच्या वाट्यातले खात. ज्यांची आई नव्हती, जी नुसतीच कोणाच्या तरी मागे आली होती, ती लांब उभी राहत. मी चार महिने त्यांना रोज पाहत होतो. म्हणजे पाहत नव्हतो.

आजी खडीच्या ढिगापाशी बसली होती. तिने हाताने एकेकाला बोलावले, नाव विचारले, कोणाबरोबर आलास ते विचारले. काही लाजून पळाली, ती परत येईपर्यंत बसून राहिली. तास-दीड तास हे चालले. मग तिने मला हाक मारली.

“सतरा आहेत,” ती म्हणाली. “दोघं पाणी आणायला गेलीत, ती धरून एकोणीस. लिही.”

“आजी, हा हजेरीपट आहे. यात मुलांची नावं घालता येत नाहीत.”

“मग दुसरा कागद घे.”

मी वहीचे एक पान फाडले. ती एकेक नाव सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पाणी आणायला गेलेली दोघे अजून दिसत नव्हती. त्यांची नावे तिने इतर पोरांकडून विचारून घेतली, आणि ती आधी लिहायला लावली.